बेडकांसाठी बांधलेली मोरी

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी ताडपत्रीच्या जाडीवरून हुज्जत घालत होतो. मे संपत आला की महाडात आमच्या हार्डवेअरच्या धंद्याला दुसरं काही सुचत नाही. “भावजी, हे गेले,” वहिनी म्हणाल्या. आणि मी, साठी ओलांडलेला माणूस, विचारतो काय, तर “कुठे गेला? पोलादपूरला?” कारण आदल्याच आठवड्यात हा गृहस्थ, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायची बंदी केलेली असताना, मला बरोबर घेऊन रिक्षाने पोलादपूरच्या पुढे जाऊन आला होता. पलीकडून वहिनींनी पुन्हा तेच दोन शब्द उच्चारले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.  आणि मनात पहिला विचार आला तो असा, की अरे, पाऊस तर अजून आलाच नाही… याला पाऊस बघायचा होता.

पाऊस म्हणजे कवितेतला नव्हे. माझ्या या मित्राला, मुकुंदाला, पावसाचं कौतुक एवढ्यासाठीच होतं, की त्या दिवसांत बेडूक डोंगरावरून खाली उतरतात आणि शेतात जायला रस्ता ओलांडतात. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याने या एका कामात घालवली. आंबेनळी घाटाच्या अंगाला जाणाऱ्या एका रस्त्याखालून बेडकांना सुखरूप जायला वाट करून द्यायची, एवढंच ते काम. हे वाचून कोणाला हसू आलं तर मी रागावणार नाही. मी स्वतः पुष्कळ हसलो आहे, आणि त्याच्या तोंडावर हसलो आहे.

आम्ही महाडच्या एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. मी वडिलांच्या दुकानात बसलो, तो इंजिनिअर होऊन रस्त्यांच्या कामाला लागला. त्या कामात लोक पूल बांधून नाव काढतात. याने जन्मभर मोऱ्या बांधल्या. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे न्यायला बांधतात तो लहानसा बोगदा. पुलाचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतात. मोरीकडे कोणी ढुंकून बघत नाही. “जी मोरी कोणाच्या लक्षात राहत नाही ना अनंता, ती चांगली,” असं तो म्हणायचा आणि स्वतःवरच खूश होऊन मिशीतल्या मिशीत हसायचा. त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, कॉलेजापासूनचा लाकडी ड्रॉइंग बोर्ड होता. टाचण्या टोचून टोचून त्याच्या चारी कोपऱ्यांची चाळण झाली होती. पुढे कॉम्प्युटर आले, कालची पोरं माऊस फिरवून रस्ते आखू लागली, पण हा आपला बोर्डावर कागद ताणून पेन्सिलीला टोक काढत बसलेला. त्या बोर्डावर चहाची कपबशी ठेवायची कोणाची छाती नव्हती. सुमनवहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, “ती बघा माझी सवत. तिच्या शेजारी बसतात, माझ्या शेजारी नाही.”

निवृत्त झाला त्याच वर्षीची गोष्ट. ऐन पावसाळ्यात एका सकाळी आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून पोलादपूरच्या पुढे त्याच्या मावशीच्या गावी निघालो होतो. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता. एका बाजूला डोंगराचा उतार, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि मधून रस्ता. मुकुंदाने एकाएकी स्कूटर थांबवली. मला आधी वाटलं रस्त्यावर सागाची पानं पडून चिकटली आहेत. खाली वाकलो तर बेडूक. खरखरीत पाठीचे, गुबगुबीत, ज्यांना पुस्तकात भेक म्हणतात ते, आणि साधे हिरवट पिवळेही. सगळे चपटे झालेले. नजर जाईल तिथवर तेच. एकाचा मागचा भाग डांबराला चिकटला होता आणि पुढचे दोन पाय अजून खाचराच्या दिशेने ओढ घेत होते. मी तोंड फिरवलं. मुकुंदा मात्र उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, “हा रस्ता मी आखलाय.”

मी म्हटलं, “बरं मग?”

“डोंगरात राहतात आणि अंडी घालायला खाली पाण्यात येतात. मी मधे डांबर घातलं. पाणी कुठून उतरतं ते बघितलं, गुरं कुठून उतरतात ते बघितलं… हे बघितलंच नाही.”

त्या दिवसापासून त्याला जे वेड लागलं ते लागलंच. इतर लोक निवृत्तीनंतर शिवथरच्या घळीत जाऊन मन शांत करतात. हा मोरीत जाऊन बसायचा. माझ्या दुकानातून त्याने फुटके सिमेंटचे पाइप नेले, पत्र्याचे तुकडे नेले, आणि परसदारी, न्हाणीघराच्या भिंतीपासून अळवाच्या वाफ्यापर्यंत, लुटुपुटूची मोरी बांधली. संध्याकाळी दिवे लागले की कुठून कुठून पकडून आणलेले बेडूक एका टोकाला सोडायचे आणि बघत बसायचं. मीही स्टूल टाकून बसायचो. दुकान बंद केल्यावर दुसरं करायचं काय होतं? तिथेच त्याला एकेक गोष्ट कळत गेली. आडवी भिंत लागली की बेडूक तिच्या कडेकडेने चालत राहतो. भिंत सरळ असली तर उडी मारून पार होतो, आतल्या बाजूला कललेली असली तर नाही होत. गवंडी अभिमानाने सिमेंट घोटून गुळगुळीत करतो, तिथे त्याचे पाय घसरतात. आणि पाइप नुसता अंधारा असला तर तो तोंडाशीच बसून राहतो. “पलीकडचा उजेड दिसला पाहिजे,” मुकुंदा म्हणायचा. “उजेड दिसला की जातो बिचारा.”

एकदा एक जाडजूड भेक पाइपाच्या चढावर अर्ध्यात येऊन अडकला. पुढे सरकेना, मागे येईना, नुसता गळा फुगवत बसला. मला राहवेना, मी हात पुढे केला. तर मुकुंदा वस्सकन अंगावर आला. “हात लावू नकोस! तू उचलून ठेवलास तर माझी मोरी बरोबर आहे की चुकली ते मला कळायचं कसं?” मी म्हटलं, “अरे तो तडफडतोय.” तो म्हणाला, “रस्त्यावर त्याला उचलायला तू असणार आहेस का?” मग आम्ही दोघं हात मागे बांधून उभे. शेवटी तो भेक घसरून खाली आला. मुकुंदाने दुसऱ्या दिवशी सकाळी चढ फोडून पुन्हा बांधला.

खरी मोरी करायची ठरली तेव्हा त्याने त्या रस्त्याची जुनीच मोरी घेतली, ओढ्यावरची. डोंगराच्या बाजूला दोन्ही अंगांनी लांबपर्यंत पत्र्याची बुटकी, कललेली भिंत उभी केली, म्हणजे उतरणारे बेडूक चालत चालत मोरीच्या तोंडाशी येतील. गावाने हसत हसत मदत केली. हसायला त्यांच्यात पार्वतीआक्का सगळ्यांत पुढे. तिचं घर मोरीच्या खालच्या अंगाला, खाचराच्या कडेला. मुकुंदा नोकरीत होता तेव्हापासून तिच्या पडवीत बसून जेवायचा. तिच्या हातचं चढणीच्या माशांचं कालवण म्हणजे त्याचा जीव की प्राण. पावसाच्या सुरुवातीला नदीतले मासे ओढ्यांतून वर चढतात, तेव्हा त्या भागातली माणसं मोरीच्या खालच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांची लांबोडकी टोपली लावतात. बाजूच्या फटी दगड-चिखलाने बुजवून टाकतात, म्हणजे मासा दुसरीकडून निसटत नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. मुकुंदाच्या नाही आलं. माझ्याही नाही.

ज्या दिवशी बेडूक उतरतात त्याच दिवशी मासे चढतात. सकाळी आम्ही हौसेने बघायला गेलो, तर मोरी बेडकांनी बुजली होती. वरून पाण्याचा जोर, खाली टोपली आणि दगड. डोंगरभर विखरून उतरणारे बेडूक याने एका दारात आणून सोडले होते, आणि ते दार बंद होतं. मी इतके मेलेले बेडूक त्या पहिल्या सकाळीही पाहिले नव्हते. मुकुंदा मोरीत वाकून त्यांना हाताने बाहेर काढत होता. पार्वतीआक्का पदर तोंडाला लावून उभी होती.

“आमी दरसाल हितंच लावतो भाऊ,” ती म्हणाली. “तुमाला ठावं नाय काय? तुमी माज्याकडंच खाल्लंत ना मासं? आमाला काय म्हायत, तुमचं बेडूक याच दारानं येनार हायेत?”

“मला माहीत होतं,” मुकुंदा म्हणाला. “आक्का, मला माहीत होतं.”

त्यानंतर किती दिवस त्याने बोर्डाला हात लावला नाही. आयुष्यभर मोऱ्या बांधलेल्या माणसाला मोरीने असं पाडावं, याचं त्याला फार लागलं. मी चेष्टा करून बघितली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत तशी तुझी मोरीपर्यंत, असं काहीबाही म्हणालो. तो हसला नाही. मग पार्वतीआक्काच एसटी पकडून महाडला त्याच्या घरी आली, केळफूल घेऊन. म्हणाली, “रुसून काय व्हनार हाय? मासं खालून जातात, बेडूक वरून जाऊ द्या की.” मुकुंदाने त्याच बैठकीत कागद ताणला. मोरीच्या एका भिंतीला, पाण्याच्या वर, दगडाचा हातभर रुंद कट्टा. खाली मासे, वर बेडूक. पुढच्या उन्हाळ्यात तो बांधला आणि पार्वतीआक्काच्या माणसांनी टोपली कट्टा सोडून लावली.

त्या वर्षीची संध्याकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही तिघं छत्र्या घेऊन खालच्या तोंडाशी बसलो होतो. आधी एक आला, कट्ट्यावरून, टुणटुण न करता चक्क चालत. मागून दुसरा. मग रांगच लागली. नर माद्यांच्या पाठीवर बसलेले, काहींच्या पाठीवर दोनदोन. “वरातच निघाली गो बाय!” पार्वतीआक्का म्हणाली आणि इतकी हसली की तिची छत्री उलटी झाली. मुकुंदा हसला नाही. चष्मा काढून पुसत होता, पुन्हा पुन्हा. पावसात चष्मा पुसून काय उपयोग?

हे सुख तीन पावसाळे टिकलं. मग रस्ता रुंद करायचं काम निघालं.

इथे मला कोणाला दोष देता येत नाही, हीच माझी अडचण आहे. दोष देता आला असता तर निदान भांडलो असतो. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. डोंगराच्या बाजूला खोल गटार हवंच होतं, कारण उतारावरचं पाणी वेळेत निघून गेलं नाही तर काय होतं ते तळीयेच्या दरडीने आम्हा सगळ्यांना दाखवलं आहे. त्या जुलैत माझं दुकानही पाण्यात गेलं होतं, पण आमच्याकडे कोणी आपल्या दुकानाविषयी बोललं नाही. ज्यांची माणसंच गेली त्यांच्यासमोर काय बोलणार? नव्या नकाशात जुनी मोरी पाडून लांब पाइप होता, आणि डोंगराकडच्या तोंडाशी गटाराचं पाणी गोळा करायला छातीइतका खोल, सरळ भिंतींचा काँक्रीटचा खड्डा. बेडूक गटारात पडणार, वाहत खड्ड्यात येणार, आणि पाइप जोरात वाहत असला तर त्यात बुडणार, नाहीतर भिंती खरवडत मरणार. लोक मुकुंदाला म्हणायचे, “अहो, माणसं दरडीखाली गेली आणि तुम्ही बेडकांचं काय घेऊन बसलात?” तो त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मला म्हणायचा, “गटार उथळ करा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? खोलच हवं. मला फक्त एक कोपरा द्या.”

एक कोपरा म्हणजे खड्ड्याच्या एका कोपऱ्यात तिरका, खरखरीत दगडी उतार, बेडकाला चढून वर येता येईल असा. बस्स. तो उतार त्याने बोर्डावर किती वेळा काढला असेल, वहिनींनाच ठाऊक. काँक्रीट ओतायच्या आधी तो नकाशात बसला पाहिजे, एवढाच आता त्याच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला. त्याच सुमारास त्याचं हृदय थकत चाललं होतं. दोन जिने चढला की भिंतीला टेकून उभा राहायचा, पायांवर सूज. तशा अवस्थेत कागदाची गुंडाळी काखोटीला मारून तो कामावरच्या इंजिनिअरला भेटायला जायचा. तो मुलगा चांगला होता. खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा. “सर, तुमचं पटतंय मला. पण ड्रॉइंग मंजूर झालंय. आता बदल म्हणजे वरातीमागून घोडं. बघतो, जागेवर काही करता आलं तर… ओतायच्या आधी फोन करतो तुम्हाला.” मुकुंदा त्या फोनची वाट बघू लागला. न्हाणीघरात जातानाही फोन बरोबर. हॉस्पिटलात भरती केलं तेव्हा उशाशी.

फोन आला नाही. त्या मुलाची दुसऱ्या कामावर बदली झाली, आणि नव्या माणसाला कसला मुकुंदा आणि कसले बेडूक!

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने मला बोलावून घेतलं, वहिनी देवळात गेलेल्या बघून. “रिक्षा आण,” म्हणाला. मी नको नको म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान रिक्षा आणली. जागेवर पोचलो. खड्डा तयार होता. तो हळूहळू कडेला बसला, पाय आत सोडले, आणि भिंतीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत, थंड.

“काम चांगलं केलंय,” म्हणाला. “एक फट नाही.”

 पार्वतीआक्का लगबगीने आली, कोरा चहा घेऊन. “भाऊ, केवढं बारीक झालात वो!” मग खड्ड्याकडे बघून म्हणाली, “सांगा ना त्यांना. तुमचंच खातं ना ह्ये?” मुकुंदाने चहा घेतला. पेला तिच्या हातात परत देताना म्हणाला, “आता माझं नाही काही, आक्का.”  येताना पोलादपूरच्या नाक्याशी म्हणाला, “निदान एक फळी टाक रे. तिरकी. खरखरीत हवी…”

घराशी उतरलो. पुढच्या चार पायऱ्या. दारात वहिनी उभ्या, डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही. तो दुसऱ्या पायरीवर थांबला. भिंत धरलेली, श्वास भात्यासारखा, गळ्याची शीर उडत होती. वर जाईना, खाली येईना. मी हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला.

आम्ही दोघं, वर वहिनी आणि खाली मी, बघत राहिलो. तो चढला. कसा चढला ते त्यालाच माहीत. त्यानंतर तो पुन्हा घराबाहेर पडला नाही.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी वहिनींना मुकुंदाने मागितलेल्या तिरक्या फळीचं सांगितलं. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि तो बोर्ड घेऊन आल्या. कागद काढून टाकला होता. “भावजी, ही फळी न्या.” मी म्हटलं, “वहिनी, अहो दुकानात हव्या तेवढ्या फळ्या आहेत माझ्या. हा राहू दे.” तर म्हणाल्या, “सवत आहे ती माझी. आता घरात कशाला ठेवू?” आणि मग जे रडू त्यांनी तेरा दिवस दाबून ठेवलं होतं ते फुटलं. जरा शांत झाल्यावर मला बजावलं, “चढले तर मला कळवा. नाही चढले तरी कळवा.”

बोर्डाला मी दुकानातली काथ्याची दोरी आडवी गुंडाळली, पाय धरायला. खड्ड्याच्या कोपऱ्यात तिरका उभा करून तारेने आवळला, पायाशी दगड रचले. जून सरता सरता पाऊस धरला आणि एका संध्याकाळी मी गेलो. पार्वतीआक्का बॅटरी घेऊन आली. पाण्याला जोर होता. खड्ड्यात बेडूक होते, पुष्कळ. काही पोहत होते, काही उलटे तरंगत होते. गटार लांबच्या लांब, असे खड्डे पुढे आणखी, आणि बोर्ड एकच. मुकुंदा असता तरी याहून काय करू शकला असता, मला सांगता येत नाही.

इतक्यात एक भेक बोर्डावर चढला. दोरीच्या एका वेढ्यावरून दुसऱ्यावर, असं करत बरोबर मध्यावर आला आणि थांबला. गळा फुगवत बसून राहिला. खालचं पाणी बोर्डाला थडकत होतं, बोर्ड हलत होता. माझा हात पुढे गेला.

“उचला ना शेट,” पार्वतीआक्का म्हणाली. “पडंल तो.”

“नको आक्का. मग हे बरोबर आहे की चुकलं, ते कळायचं कसं?”

आता कोणाला कळायचंय, असं ती विचारील असं मला वाटलं.  पण बॅटरीचा झोत तिने बोर्डाच्या वरच्या टोकाच्या पलीकडे नेऊन धरला आणि तशीच भिजत उभी राहिली. मी हात मागे बांधले. खिशात फोन वाजू लागला. वहिनींचाच असणार. मी घेतला नाही… तो अजून अर्ध्यावरच होता.